सायकलचे चाक वाजते तेव्हा



मुधोळ, भैंसा, बासर या पट्ट्यातल्या आपल्या घरांतून सायकल अजून गेलेली नाही. कुठे ओसरीवर आजोबांची काळी, दांड्याच्या ब्रेकची सायकल उभी असते, तर कुठे तिच्याच शेजारी नातवाची गियरवाली. शाळा, शिकवणी, शेत, दूध, बाजार ही कामे तिच्यावर होतात. पण ती वाजू लागली की घरात ठरलेले उत्तर मिळते : "जुनी झाली, वाजणारच!" या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे की सायकल जुनी झाली म्हणून वाजत नाही. ती काहीतरी सांगण्यासाठी वाजते, आणि ते काय हे घरच्या घरी ओळखता येते.

हे ओळखणे का महत्त्वाचे, ते आधी पाहू. हबचा कोन थोडा ढिला झाला असेल तर वेळेवर कसायला दहा मिनिटे पुरतात. तो तसाच राहिला तर छर्रे आणि कप घासतात, मग हबच बदलावा लागतो, आणि हब बदलणे म्हणजे सगळे स्पोक काढून चाक नव्याने बांधणे. हे झाले खर्चाचे. त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. भैंसा-बासर रस्त्यावर मागून ट्रक येत असताना मुलाच्या सायकलचे पुढचे चाक अडकले किंवा एक्सल तुटला, तर सावरायला वेळ मिळत नाही. असे बिघाड बहुधा अचानक होत नाहीत. त्याआधी चाक कित्येक दिवस कुरकुरत असते. ते ऐकणारे कोणी असले पाहिजे.

आपल्या मागच्या पिढ्यांना हे शिकवावे लागले नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, धाव आणि आख यांची नावे घराघरांत ठाऊक होती. गाडी करकरू लागली की आखाला वंगण हवे, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळे. सायकलचा हब म्हणजे तुंबा, स्पोक म्हणजे आरे, एक्सल म्हणजे आख. चाक लहान झाले, पण तत्त्व तेच राहिले.

हबच्या आत काय असते?

चाकाच्या मधोमध एक पोकळ नळी असते, तो हब. तिच्यातून जाणारी लोखंडी कांडी म्हणजे एक्सल. तो चिमट्यात घट्ट बसलेला असतो आणि फिरत नाही. फिरतो तो हब. दोघांच्या मध्ये छर्रे असतात. हबच्या दोन्ही टोकांना वाटीसारखे कप, एक्सलवर आट्यांनी बसवलेले निमुळते कोन, आणि कप व कोन यांच्या फटीत ग्रीसमध्ये बसलेले पोलादी छर्रे, अशी ही रचना आहे. साध्या सायकलला सर्वसाधारणपणे पुढच्या चाकात एका बाजूला ३/१६ इंचाचे, म्हणजे दीड सुताचे, १० छर्रे असतात. मागच्या चाकात एका बाजूला पाव इंचाचे, म्हणजे दोन सुताचे, ९ छर्रे असतात. मागे भार जास्त येतो म्हणून तिथले छर्रे मोठे.

सायकलमध्ये छर्रे वापरण्याचे पेटंट १८६९ साली पॅरिसमधल्या ज्यूल सुरिरे या सायकल कारागिराने घेतले. तेव्हापासून आजतागायत साध्या हबचे काम याच युक्तीवर चालते. मागच्या चाकाला याखेरीज एक फ्रीव्हील असते. त्याच्या आत स्प्रिंगवर उचलली जाणारी छोटी खटकी असते, तिला आपल्याकडे 'कुत्रे' म्हणतात. पायडल मारताना कुत्रे दात्यांना धरते आणि चाक फिरवते. पाय थांबवला की ते दात्यांवरून घसरत टिकटिक करते. ही टिकटिक बिघाडाची नाही, तब्येत ठीक असल्याची खूण आहे.

आधी चार प्रश्न

पाना हातात घेण्याआधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर सायकल चालवा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा.

१) पायडल मारतानाच वाजते की पाय थांबवल्यावरही? पाय थांबवल्यावर आवाज बंद होत असेल तर बहुधा दोष चेन, पायडल, क्रँक यांच्याकडे आहे. तरीही वाजत राहिला तर चाक, हब किंवा ब्रेक.

२) ब्रेक दाबल्यावर आवाज बदलतो का? बदलत असेल तर ब्रेकचे रबर, रिम किंवा डिस्क पाहा.

३) आपण सीटवर बसलो की वाजते, आणि नुसती सायकल ढकलली तर गप्प असते? मग दोष भार आल्यावर उघड होणारा आहे : ढिले स्पोक, ढिला कोन, तडा गेलेला एक्सल. अशा वेळी मागच्या कॅरियरवर ओझे ठेवून ढकलून पाहावे.

४) आवाजाची लय कोणती? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

लयीचा हिशेब सोपा आहे. २८ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे २.२ मीटर. एका किलोमीटरला चाक साधारण साडेचारशे वेळा फिरते. ताशी १२ किलोमीटर वेगाने जाताना एका सेकंदात दीड फेरा होतो. पायडलचा हिशेब वेगळा. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि फ्रीव्हीलला १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे अडीच वेळा फिरते. म्हणून पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच वाजत असेल तर पायडल किंवा क्रँक. एका फेऱ्यात दोन-तीनदा वाजत असेल तर चाक. आणि पायडलच्या दोन-तीन फेऱ्यांनी एकदाच वाजत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली. सायकल चालवताना मुलांना हे मोजायला सांगा. गणिताचा असा धडा त्यांना पुस्तकात मिळणार नाही.

हाताने तपासणी

पुढचे चाक वाजते की मागचे, हे कानाला फसवते. लोखंडी फ्रेममधून आवाज इकडचा तिकडे जातो. म्हणून एक-एक चाक उचलून हाताने फिरवा. मागचे स्टँडवर, पुढचे हँडल उचलून. मग पुढील चाचण्या करा.

हलवून पाहणे : चाकाचा वरचा भाग धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. कट्-कट् हलले तर कोन ढिला आहे. चाक न हलता हँडलच हलत असेल तर दोष हँडलच्या कपांचा, चाकाचा नव्हे.

हाताला जाणवणे : एक हात चिमट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक अगदी सावकाश फिरवा. वाळूवरून फिरल्यासारखी खरखर बोटांना जाणवली तर छर्रे कोरडे किंवा खराब आहेत. कानाला न ऐकू येणारा बिघाड बोटांना कळतो.

सोडून पाहणे : पुढच्या चाकाचा वॉल्व्ह वर आणून चाक हळूच सोडा. मोकळे चाक आपल्या जड बाजूकडे आपोआप झुलत खाली येते आणि थोडे मागे-पुढे होऊन थांबते. मध्येच झटक्याने अडकले तर कोन जास्त कसलेला आहे.

स्पोक छेडणे : चाक फिरवत एकेक स्पोक बोटाने छेडा. एका बाजूचे स्पोक साधारण सारख्या सुरात वाजले पाहिजेत. मध्येच एखादा 'थप्' असा मेलेला आवाज आला तर तो ढिला आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे सूर थोडे वेगळे असू शकतात, म्हणून डाव्याची तुलना डाव्याशीच करा.

आवाज आणि त्यांचे अर्थ

टिक... टिक... (फेऱ्याला एकदा) : घाबरू नका. बहुतेक वेळा वॉल्व्हची टोपी, सुटलेला रिफ्लेक्टर, मडगार्डच्या तारेला लागणारा स्पोक किंवा टायरमध्ये रुतलेला खडा असतो. मात्र टायर नीट पाहा, कारण बाभळीचा काटाही रस्त्यावर अशीच टिकटिक करतो. काटा काढायचा तो घरी, ठिगळाचे सामान जवळ असताना.

घास-घास : काहीतरी चाकाला घासते आहे. सतत घासत असेल तर मडगार्ड वाकलेले किंवा चाक तिरपे बसलेले. थांबून-थांबून घासत असेल तर रिम 'आऊट' आहे, म्हणजे चाक लाटेसारखे डोलते. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात एक कारण हमखास असते : मडगार्डच्या आत साचून वाळलेला चिखल. तो ओला असतानाच काडीने काढावा, वाळला की विटेसारखा होतो.

किणकिण, करकर (भार आल्यावर) : ढिले स्पोक एकमेकांवर घासतात तिथला हा आवाज आहे. अशा चाकाचा पहिला स्पोक लवकरच तुटतो. मागच्या चाकात तो बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूचा, हबजवळच्या वाकापाशी तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि मग तेही तुटू लागतात. वाटेत तुटला तर तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळून ठेवा, म्हणजे तो चेनमध्ये किंवा चिमट्यात अडकणार नाही, आणि सावकाश घरी या.

खरखर, गरगर (सतत) : छर्रे कोरडे पडले आहेत किंवा ग्रीसमध्ये माती गेली आहे. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातले पाणी ही दोन्ही कारणे आपल्याकडे आहेत. तिसरे कारण आपण स्वतः तयार करतो : बोअरच्या पाइपने जोराची धार थेट हबवर मारून सायकल धुणे. त्या धारेने ग्रीस पातळ होते आणि माती आत जाते. सायकल ओल्या फडक्याने पुसावी.

कड्... कड्... (अनियमित, मध्येच झटका) : हा आवाज गंभीर आहे. छर्रा फुटला असेल किंवा कोनाला खड्डे पडले असतील. फुटलेल्या छर्ऱ्याचा तुकडा कपमध्ये फिरत राहिला तर बाकीचे छर्रे आणि कप दोन्ही खातो. त्या दिवशीच चाक खोलावे.

चुंई-चुंई : पक्ष्यासारखा बारीक आवाज. हबच्या तोंडावरची पत्र्याची टोपी घासत असेल किंवा कोन कोरडा असेल. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर रबर झिजून कडक झाले आहे किंवा रिमला तेल लागले आहे. डिस्क ब्रेकची चकती तेलकट झाली की तीही अशीच किंचाळते.

खट्ट (जोर लावताना किंवा खड्ड्यात) : एक्सलचे नट ढिले असतील, नाहीतर एक्सल तुटलेला असेल. मागचा एक्सल आत तुटला तरी दोन्ही बाजूंचे नट त्याला काही काळ धरून ठेवतात आणि सायकल चालत राहते. म्हणून फसायला होते. नट कसूनही चाक तिरपे होत असेल तर एक्सल बाहेर काढून पाहा.

फ्रीव्हीलची टिकटिक बंद होणे : आवाज येणे जसे लक्षण, तसे आवाज जाणेही लक्षण. पायडल मारताना मध्येच पाय रिकामा फिरला, तर 'कुत्रे फेल' होत आहे. चढावर उभे राहून जोर लावताना असे झाले तर चालवणारा तोंडावर आपटतो. उलट, पाय थांबवल्यावरही पायडल चाकाबरोबर फिरत राहत असेल तर फ्रीव्हील जाम झाले आहे. फ्रीव्हील किंचित डुगडुगणे मात्र साहजिक आहे, त्याची चिंता नको.

चाकावर आळ, चोर भलताच

काही आवाज चाकातून आल्यासारखे वाटतात आणि निघतात भलतीकडून. जुन्या सायकलला क्रँकची कॉटर पिन ढिली झाली की पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ठक्क होते. सीटच्या स्प्रिंगा कोरड्या असल्या की खड्ड्यात मागचे चाक करकरल्याचा भास होतो. उभे राहून चालवल्यावर आवाज बंद झाला तर दोष सीटचा. चेनकव्हर, कॅरियर, स्टँडची स्प्रिंग, घंटीची वाटी यांचे स्क्रू आधी कसावेत. डायनॅमो टायरला लावलेला राहिला असेल तर तोही घुमतो. या किरकोळ गोष्टी बाजूला केल्या की मगच हब खोलावा.

घरी काय करावे, मिस्त्रीकडे काय न्यावे

कोन कसणे घरी जमते. त्यासाठी कोनावर बसणारा पातळ पाना आणि नटाचा साधा पाना लागतो. एका बाजूचा लॉकनट सोडा. कोन हाताने फिरवत छर्ऱ्यांना टेकवा, मग अगदी थोडा मागे घ्या. आता पातळ पान्याने कोन धरून ठेवा आणि लॉकनट कसा. कोन धरला नाही तर नटाबरोबर तोही फिरतो आणि सगळे पुन्हा आवळते. चाक बाजूला हलू नये आणि मोकळे फिरावे, या दोन्ही गोष्टी साधल्या की काम झाले.

ओव्हरऑइलिंग करायचे असेल तर छर्रे एका ताटात काढा आणि मोजून ठेवा. प्रत्येक बाजूचे वेगळे. रॉकेलमध्ये धुऊन फडक्याने पुसा. छर्रा आरशासारखा गुळगुळीत हवा. ठिपके किंवा खड्डे दिसले तर एकच न बदलता त्या बाजूचे सगळे बदला, कारण नवा छर्रा झिजलेल्यांपेक्षा किंचित मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावर पडतो. कोनावर बोटाचे नख फिरवा. नख अडकले तर कोनही बदला. मग कपमध्ये ताजे ग्रीस भरून छर्रे बसवा.

तेलाबद्दल चार शब्द. खोबरेल किंवा गोडे तेल हबमध्ये घालू नये, ते कालांतराने चिकट होते. रॉकेल साफ करते, वंगण होत नाही. नुसते रॉकेल सोडले तर आवाज दोन दिवस थांबतो आणि आतले ग्रीस मात्र धुऊन जाते. गाडीचे जळके ऑइल नको, त्यात धातूचा कीस असतो. फ्रीव्हीलला पातळ मशीन तेलाचे काही थेंब द्यावेत, जाड ग्रीस नको, कारण त्यात कुत्रे चिकटून बसते. आणि रिमवर, ब्रेकच्या रबरावर, डिस्कवर तेलाचा एक थेंबही जाऊ देऊ नका.

रिमचा आऊट काढणे, तुटलेला स्पोक भरणे, फ्रीव्हील बदलणे आणि एक्सल टाकणे ही कामे मिस्त्रीकडे न्यावीत. बऱ्याच नव्या सायकलींच्या हबमध्ये बंद बेरिंग असते. त्याला कोन नसतो, खरखरू लागले की ते पूर्ण बदलतात. ते काढायलाही हत्यारे लागतात.

मिस्त्रीकडे जाताना "सायकल वाजते" एवढेच सांगू नका. तीन गोष्टी सांगा : कोणते चाक, कधी, किती वेळा. उदाहरणार्थ, "मागचे चाक, पाय थांबवला तरी, दर फेऱ्याला एकदा कट्ट वाजते." आपल्याकडे मिस्त्री तेलुगू बोलणारे असतील, दखनी बोलणारे असतील, मराठीही असतील. आवाजाला तेलुगूत 'चप्पुडू' म्हटले की पुढचे तोंडाने वाजवून दाखवले तरी चालते. कोन, कप, एक्सल, स्पोक हे शब्द सगळ्यांचे एकच आहेत.

कधी चालवूच नये?

पुढचे चाक कट्-कट् हलत असेल, कड्-कड् झटके येत असतील, जवळजवळचे दोन स्पोक तुटले असतील, फ्रीव्हील घसरत असेल, किंवा चाक चिमट्यात तिरपे होत असेल, तर सायकल हातात धरून चालत न्यावी. शाळेला उशीर झाला तर चालेल.

हात काळे करण्यात कमीपणा नाही

सायकलचे काम म्हणजे हलके काम, असे कोणाला वाटत असेल तर एक आठवण द्यावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या व्यवसायापासून सुरुवात केली. पुढे त्यांचा कारखाना लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रापर्यंत गेला. यंत्राशी ओळख होते ती ते उघडून पाहिल्याने, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. आपली मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकत आहेत. आख, आरे, वंगण, छर्रे, आऊट काढणे हे शब्द त्यांच्या पुस्तकात येणार नाहीत. ते येतील आजोबांबरोबर अंगणात बसून चाक खोलताना. मुलींनाही त्या पंगतीत बसवा, रस्त्यात चेन पडते तेव्हा ती मुलगा-मुलगी पाहत नाही.

वर्षातून दोनदा ही तपासणी करावी असे आम्ही सुचवतो. एकदा शाळा सुरू होण्याआधी, मृगाच्या तोंडावर, म्हणजे पावसाआधी हबमध्ये ताजे ग्रीस जाते. दुसऱ्यांदा पावसाळा सरल्यावर, खंडेनवमीला. त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो, सायकलीलाही झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्याआधी दोन्ही चाके उचलून एकदा फिरवा आणि सगळ्यांनी गप्प बसून ऐका.